महादेवरावांनी स्वतः ठोकलेला गालिचा

डोणगावचे कापड दुकानदार महादेवराव यांना हाताने करायचे एकच काम येत असे, गजाने कापड मोजणे. कापायलासुद्धा नोकर होता. घरातली कंदिलाची खुंटी त्यांच्या बायकोने, मंजुळाबाईंनी, स्वतः ठोकली होती, आणि पाहुणे आले की त्या ती आवर्जून दाखवत.

महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षे झाली असतील. अकोल्याला एका बुडालेल्या नाटक कंपनीच्या सामानाचा लिलाव झाला, आणि महादेवराव तिथून लाल गालिचा घेऊन आले. राजाच्या दरबाराचा होता. बैठकीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तो ठोकून बसवायचा, असे त्यांनी बसमध्येच ठरवले होते.

"अन् मी सारवू कुठं? राजाच्या डोक्यावर?" मंजुळाबाई म्हणाल्या.

"गालिच्याखाली सारवावं लागत नाही."

"बरं. तुमच्या हातानं ठोकला तं राहू देईन. दुसऱ्यानं ठोकला, तं अंगणात टाकून त्याच्यावर मिरच्या वाळवीन."

घरात हत्यार म्हणावे असे काही नव्हते. महादेवराव हातोडा मागायला उकंडराव सुताराकडे गेले. हातोडा मिळाला, पण सोबत उकंडरावही आला.

"मी हत्यार उसनं देत नसतो, शेठ. जिथं हातोडा तिथं मी."

गुलाबराव शिंप्याची मोठी कात्री मागितली, तर तोही कात्रीमागे निघाला. पुंजाजी गवंड्याने काटकोन तपासायचा गुण्या काखेत मारला आणि कोणी न विचारताच सांगितले, "माह्या गुण्याले परका हात लागला का तो खोटं बोलते."

"पण मले माह्या हातानं करायचं आहे!" महादेवराव रडकुंडीला आले.

"मंग करा ना. हातोडा मी धरतो, तुम्ही माह्यं मनगट धरा," उकंडराव म्हणाला.

कामाला सुरुवात झाली. उकंडराव हातोडा उचली, महादेवराव त्याचे मनगट उचलत. कात्री चालली तेव्हा ते गुलाबरावाच्या कोपराला लोंबकळले. पुंजाजीने कोपरा मापला तेव्हा त्यांनी नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. मुरूम चोपून केलेली जमीन दगडासारखी टणक, तरी खिळे गेले. दारामागची पट्टी तेवढी राहिली होती. त्यासाठी दार लावून घेतले आणि तीही ठोकली.

सगळे घाम पुसत उभे राहिले. गालिचा खरोखरच दरबारासारखा दिसत होता. महादेवरावांनी मंजुळाबाईंना हाक मारली आणि दार ओढले. दार हलेना. ते आत उघडणारे होते आणि त्याच्याखाली बोटभरही फट नव्हती. चौघांनी मिळून ओढले, तेव्हा कडी हातात आली.

"काप बे गुलाबराव!"

"कात्री काठावरून चालते. काठ समदे तुम्ही ठोकून टाकले."

"खिळे उपट मग."

"माह्या हातोड्याले मागून चिमटा नाही," उकंडराव म्हणाला. "पक्कड दुकानात आहे."

एवढ्यात खिडकीच्या गजांपलीकडे मंजुळाबाई आल्या. त्यांनी एकेकाचे तोंड पाहिले आणि चुलीजवळची सांडशी घेऊन आल्या. उकंडरावाने हात पुढे केला, तशी त्यांनी ती मागे ओढली.

"तुम्हाले नाही. त्याइले."

महादेवरावांनी सांडशी घेतली. या वेळी धरायला कोणाचे मनगट नव्हते. ते दारापाशी गुडघ्यांवर बसले, पहिला खिळा दोनदा निसटला, तिसऱ्यांदा करकर करत वर आला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला. मग दुसरा काढला.

दाराजवळची पट्टी सुटली, दार उघडले, तिघे कारागीर आपापले हत्यार घेऊन बाहेर पडले. महादेवराव मात्र भिंतीच्या कडेने सरकत राहिले.

"दार उघडलं ना? आता काऊन काढून राह्यले?" मंजुळाबाईंनी विचारले.

"थांब, हा जरा वाकडा गेला आहे. उकंडरावानं ठोकला ना."

"तुम्ही नाही ठोकला?"

"नाही," महादेवराव म्हणाले, आणि पुढच्या खिळ्याला सांडशी लावली.

दुपार कलेपर्यंत सगळा गालिचा सुटला. दोघांनी दोन टोके धरून तो अंगणात नेला. मिरच्या महादेवरावांनीच पसरल्या, लाल गालिच्यावर लाल मिरच्या, आणि त्याच मिरचीच्या हातांनी डोळे चोळले.

"पाणी आन वं!" ते अंगणभर ओरडत फिरू लागले.