दोर धरणारं माणूस

जयसिंगमामा हे माझ्या आईचे चुलतभाऊ. त्यांच्या वडलांची मेंढरं होती. पुढं धरणाच्या फुगवट्यात चरायची रानं गेली आणि मेंढरंही गेली. मामा पुण्याकडच्या एका धरणावर शिडाच्या होड्यांच्या क्लबात कामाला लागले. होड्या धुणं, शिडं वाळवणं, साहेब लोकांबरोबर पाण्यावर जाणं, असं त्यांनी बावीस वर्षं केलं. निवृत्त झाल्यावर धुरपदामामीला घेऊन ते गावी आले आणि दौंड तालुक्याच्या टोकाला, भीमेच्या फुगवट्याच्या काठावर पत्र्याची खोली बांधून राहिले. लहानशी होडी केली, जाळी घेतली.

क्लबातून येताना त्यांना एक जुनं शीड मिळालं होतं. क्लबात त्याला स्पिनेकर म्हणायचे. मामा म्हणायचे फुगा. तांबडं-पांढरं, नायलॉनचं, इतकं पातळ की घडी पिशवीत मावायची आणि उघडलं की दोन खोल्या झाकायचं. त्याची एक कड लांब, एक आखूड. एक टोक डोलकाठीवर चढवायचं, एक होडीच्या तोंडाशी बांधायचं, आणि तिसऱ्या टोकाचा दोर मागं कडेच्या कप्पीतून माणसाच्या हातात. त्याला खाली काठी नाही, काही नाही. तो हातातला दोर हाच त्याचा आधार.

मामा सकाळी वारा पडलेला असताना वल्ही मारत वर जाळ्यांकडं जायचे. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की फुगा उभारून घरी यायचे. मामा सुकाणूवर, मामी दोरावर. ताईबाई म्हणून शेजारीण होती, ती काठावर धुणं धूत ओरडायची, "धुरपदे, लुगडं वाळत घालायला पाण्यात दांडी लागती व्हय गं तुला?"

मामी आतून ओरडायची, "तुझं बी आण की, वाळवून देते!"

मामी सत्त्याण्णव साली गेली. त्यानंतर फुगा पिशवीतच राहिला. एकट्यानं तो उभारता येत नाही. एक हात सुकाणूला लागतो आणि दोर तर क्षणभरही सोडून चालत नाही. मामा वल्ह्यानं जायचे, वल्ह्यानं यायचे. दिवसच्या दिवस त्यांचा आवाज कुणाच्या कानावर पडायचा नाही. मी त्याच गावात दिलेली. एकादशीला भगर घेऊन जायची, तेव्हा मामीच्या फोटोपुढं उदबत्ती लावलेली असायची आणि मामा उंबऱ्यात पाण्याकडं तोंड करून बसलेले.

त्यांची मुलगी हौसा दौंडला रेल्वे कॉलनीत राहते. जावई पॉइंट्समन. ती दर महिन्याला यायची आणि तेच म्हणायची, "आण्णा, होडी देऊन टाका आन् चला. एकटं माणूस पाण्यावर, मला घास गोड लागत न्हाई."

एकदा मामा तिला म्हणाले, "दोर धरायला माणूस मिळालं तर मी हितंच राहीन. होळीपोतर बघतो. न्हाई मिळालं तर येतो."

मी तिथंच होते. माझे मालक रांजणगावला कंपनीत, आठवड्याला घरी यायचे. पोरं दुपारी शाळेत. मी म्हटलं, "मामा, मी धरते."

"भ्याशील."

"गाय आवरते मी. शिडाचं काय?"

मामा हसले. दोन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी मला शिकवलं. "वारा सरळ पाठीत घ्यायचा न्हाई. फुगा मरतो. जरा तिरकं जायचं, मग दुसरीकडं तिरकं. तू फकस्त त्या लांब कडंकडं बघ. दोर ढिला सोडत जा. कड आत मुडपायला लागली की वीतभर वढ. पुन्हा सोड. आन् मी सोड म्हणलो की सगळाच सोडायचा, इचार करायचा न्हाई."

पहिल्या दिवशी दोरानं माझ्या तळव्यांची सालं काढली. तिसऱ्या दिवशी मला कड कळायला लागली. ती आधी नुसती थरथरते, मग मुडपते. त्या थरथरीला ओढायचं. फुगा भरला की पाण्याचा आवाज बदलायचा. मी मनात नाम घेत बसायची. असे आम्ही अकरा दिवस आलो. ताईबाई पुन्हा ओरडायला लागली. मामांनी हौसाला निरोप धाडला, मी येत नाही.

बाराव्या दिवशी मामा जाळ्यातले मासे काढत होते. मी फुग्याचा दोर गुंडाळत बसले होते. त्याचं टोक विसकटून सुतळीसारखं झालेलं दिसलं. आमच्या सासूबाईंची शिस्त अशी की दाव्याचं टोक मोकळं ठेवायचं नाही, मोकळ्या टोकाचा दोर तिरडीला. मोकळं टोक दिसलं की माझा हात आपोआप गाठ मारतो. मी मारली. घट्ट, गायीच्या दाव्याला मारते तशी. मामांना सांगावं असं मनातही आलं नाही.

परतीला वारा जोरात होता. मध्यावर आलो आणि डोंगराकडून एक झोत आला. फुगा एका अंगाला ताणला, होडी कलली.

"तानू, सोड!"

मी सोडला. दोर सळसळत गेला आणि कप्पीत जाऊन अडकला. गाठ. फुगा रिकामा झालाच नाही. वारा आम्हाला काठाच्या उथळाकडं ओढत राहिला आणि कडेवरून पाणी आत आलं. मामांनी इळ्यानं डोलकाठीवरचा दोर कापला. फुगा पुढं पाण्यात पडला, पाण्यातल्या वाळक्या बाभळींच्या फांद्यांत गेला आणि फाटत गेला. तो आवाज मी ऐकला. होडी भरली. पाणी छातीएवढं होतं, म्हणून वाचलो.

मामा आधी माझ्याकडं आले. "लागलं का?"

"न्हाई."

मग ते कप्पीपाशी गेले. गाठ त्यांना दिसली. तसे भिजलेले उभे राहून त्यांनी ती नखांनी आणि दातांनी सोडवली. बराच वेळ लागला. माझ्याकडं पाहिलं नाही.

काठावर माणसं जमली होती. ताईबाईनं विचारलं, "काय झालं वो, भावजी?"

"माझं चुकलं," मामा म्हणाले. "वय झालं. सुकाणू आवरलं न्हाई."

मी पदर पिळत राहिले.

रविवारी हौसा आली. तिलाही त्यांनी तेच सांगितलं. ती रडली, आणि म्हणाली, आता एक दिवस इथं ठेवणार नाही. मामा हो म्हणाले. मी पुढं होऊन खरं बोलले असते तर हौसाला कळलं असतं की म्हाताऱ्याचा हात शाबूत आहे. मग तिनं कदाचित त्यांना इथं ठेवलंही असतं. पण माझ्या गाठीमुळं तिच्या बापावर बुडायची वेळ आली, हे तिला सांगायची मला हिंमत झाली नाही.

त्यानंतर दौंडला मी चारदा गेले. देवापुढं ठरवून जायची की आज सांगायचं. क्वार्टरच्या पुढच्या पायरीवर मामा बसलेले असायचे. समोर मालगाड्या थांबायच्या, जायच्या. चौथ्या खेपेला हौसा आत चहा करत होती. मी त्यांच्याजवळ बसले.

"मामा, त्या दिवशी ती गाठ—"

"हळू," मामा म्हणाले. "हौसा ऐकंल."

मग त्यांनी विचारलं, "गाय व्यायली का?"

"व्यायली. कालवड झाली."

"चांगलं झालं."

हौसा चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता मला म्हणाली, "तानूताई, तू तरी सांग त्येंना. दिवसभर कुणाशी बोलत न्हाईत. चालून येतो म्हणत्यात आन् पुलावर जाऊन नदीकडं बघत उभं राहत्यात."

मी म्हटलं, "बोलतील." चहा प्याले, आणि चारच्या बसला निघाले.