प्लग हातात असताना

आमच्या खालच्या मजल्यावरचे मिस्त्री वेल्डिंगचं मशीन उघडायचं असलं की आधी वहिनींना हाक मारत. वहिनी हात पुसत येत, भिंतीतला प्लग उपटून काढत आणि तो मुठीत धरून स्टुलावर बसत. मिस्त्री स्क्रूला हात घालण्याआधी विचारत, "प्लग?"

"हातात."

मगच पाना चालायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी कुणीतरी न बघता बटण दाबलं होतं आणि मिस्त्री थोडक्यात वाचले होते. तेव्हापासूनची ही रीत. "बटणावर माझा विश्वास नाही, बायकोवर आहे," असं ते आल्यागेल्याला सांगायचे.

"विश्वास कसला डोंबलाचा," वहिनी म्हणायच्या. "मला एका जागी गप्प बसवायचं निमित्त आहे ते, बाई."

तरी त्यांना त्या कामाचा अभिमान होता. त्या वेळी गॅसवर काहीही उतू जाऊ दे, स्टुलावरून उठायच्या नाहीत.

मिस्त्री गेटं करत, खिडक्यांच्या जाळ्या, शिड्या, रेलिंग करत. हात असा बसलेला की जोड कुठे आहे ते बोटाला कळू नये. गेल्या वर्षापासून मात्र तो उजवा हात कापू लागला. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरू लागले आणि थंडी आहे म्हणू लागले. उन्हाळ्यातही म्हणू लागले. पण लोखंडाला कुठली थंडी सांगणार? रॉड टेकवला की चिकटून बसायचा, पातळ पाइपाला भोक पडायचं. एका जुन्या गिऱ्हाइकाने नव्या रेलिंगवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मिस्त्री, हे तुम्हीच केलंय ना?" त्या दिवशी ते न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपले.

"काम सुटलं तर हा माणूस उभा राहायचा नाही, बाई," वहिनी मला जिन्यात म्हणाल्या. "घरात बसवला तर नुसता वाळत जाईल."

मिस्त्रींच्या ओळखीच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने तोड सुचवली. मिस्त्रींचं मशीन एसी होतं. त्यात वीज सारखी दिशा बदलते, त्यामुळे रॉडच्या टोकाची ज्योत क्षणोक्षणी विझते आणि पुन्हा पेटते. स्थिर हाताला ते सांभाळता येतं, कापऱ्याला नाही. मशीनच्या पुढे डायोडची जोडणी करून वीज एकाच दिशेने वाहती केली, म्हणजे डीसी केली, की ज्योत टिकते आणि रॉड कमी चिकटतो. मिस्त्रींच्या अंगात एकदम वारं शिरलं. बाजारात हिंडून त्यांनी जाडजूड डायोड आणले, ते तापू नयेत म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर बसवले. एका जळक्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर तांब्याची तार गुंडाळून वीज संथ करणारा चोक तयार केला. तारेचं रीळ वहिनींनी धरलं होतं.

"लोकर गुंडाळल्यासारखं वाटतंय. स्वेटर कुणासाठी?"

"मशीनसाठी. थंडीनेच गुरगुरत असतं ते."

शेवटी त्यांनी डब्याएवढे दोन कपॅसिटर जोडले. ज्योत आणखी सरळ राहावी म्हणून.

चाचणीच्या सकाळी मला खाली बोलावलं. हातात काळी काच दिली. मिस्त्रींनी पातळ पाइपाचे दोन तुकडे शिकंज्यात धरले आणि रॉड टेकवला. तो चिकटला नाही. नेहमीचा तडतडाट नव्हता, तेलात काही मंद आचेवर तळावं तसा एकसारखा आवाज येत होता. हात कापत होता, मला दिसत होतं. पण जोड पुढे पुढे सरकत गेला, न तुटता. मिस्त्रींनी तोंडावरचं झाकण वर केलं तेव्हा परीक्षेत पास झाल्याचं नुकतंच कळलेल्या मुलासारखा चेहरा झाला होता.

"बघितलंत, बाई?"

"अहो, त्यांना काय दाखवता? मला दाखवा आधी," वहिनी म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपले.

तेवढ्यात मिस्त्रींनी नाक ओढलं. काहीतरी तापल्याचा वास येत होता. एक बोल्ट ढिला राहिला होता. वहिनींनी प्लग उपटला आणि स्टुलावर बसल्या.

"प्लग?"

"हातात."

मिस्त्रींनी पाना आत घातला.

फटाका कानाशी फुटावा तसा आवाज झाला. पांढरा लख्ख उजेड. मिस्त्री मागे फेकले गेले, डोकं कपाटावर आपटलं आणि ते जमिनीवर निपचित पडले. पाना दूर जाऊन पडला होता, त्याच्या टोकाचं लोखंड वितळून गेलं होतं.

मी धावले. वहिनी धावल्या नाहीत. त्या स्टुलावरच होत्या. एकदा मुठीतल्या प्लगच्या पितळी पिनांकडे, एकदा भिंतीतल्या रिकाम्या भोकांकडे बघत होत्या.

"माझ्या हातात आहे हो," त्या म्हणाल्या. मला नाही, कुणालाच नाही. "बघा ना. हा माझ्या हातात आहे."

मी तोंडावर पाणी मारलं. मिस्त्रींनी डोळे उघडले. तळवा भाजला होता, कपाळाला टेंगूळ आलं होतं. जिवंत होते. वहिनींची मूठ आवळलेलीच होती, बोटं उघडत नव्हती. प्लग मलाच सोडवून घ्यावा लागला.

दवाखान्यातून आल्यावर मिस्त्री खाटेवर बसले, हाताला पट्टी. वहिनी दाराशी उभ्या. मशीन त्याच खोलीत होतं, आत त्या पाऊल टाकेनात.

"कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते," मिस्त्री हळू बोलले. "प्लग काढला तरी. आधी ती उतरवायची असते."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मिस्त्रींनी पट्टीकडे बघितलं. मग म्हणाले, "ठाऊक होतं. रेडिओवाल्याने बजावलं होतं. पण तू 'हातात' म्हणालीस आणि माझा हात गेला. डोक्याला विचारायला थांबलाच नाही."

वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. इतकी वर्षं ज्या एका शब्दाने त्यांनी नवऱ्याला राखलं, त्याच शब्दाने त्यांनी त्याला आत ढकललं होतं, असं त्यांच्या मनाने घेतलं.

"म्हणजे मीच," त्या म्हणाल्या.

"वेडी का तू? साठवण मी बसवली. तुला सांगितलं का मी? तू बरोबरच बोललीस, चुकीचं मशीन माझं होतं."

त्या आठवड्यात त्या मिस्त्रींशी फारसं काही बोलल्याच नाहीत.

हात बरा झाल्यावर मिस्त्रींनी आधी दोन्ही कपॅसिटर एका बल्बला जोडून रिकामे केले. बल्ब पेटला, मंदावला, विझला. मग ते काढून अंगणात आणून ठेवले. वहिनींना मात्र आत यायला सांगितलं नाही. मशीन उघडं करून खोलीच्या उंबऱ्यापर्यंत ओढत आणलं आणि एकेका भागाला बोट लावून सांगू लागले.

"हे डायोड. हे नुसती वाट दाखवतात. हा चोक."

"हा काही साठवतो?" वहिनींनी बाहेरूनच विचारलं.

"वीज चालू आहे तोवरच. बंद झाली की तोही बंद."

"नक्की?"

"नक्की."

"आणि त्या डब्यांवाचून तुमचा रॉड चिकटेल?"

"थोडा गुरगुरेल. चिकटणार नाही."

वहिनींनी त्या तारांकडे एकदा बघितलं. मग उंबऱ्याबाहेर खाली बसल्या आणि म्हणाल्या, "परत सांगा. पहिल्यापासून. एकही भाग सोडू नका."