सदलग्याला गेलेली पदकं

पिरनवाडीचा भरमू मुचंडीकर पहिल्या महायुद्धातून घरी परतला तेव्हा त्यानं बरोबर एक लोखंडी ट्रंक, एक जाड लोकरीचा डगला आणि आपला शीटरोल आणला. शीटरोल म्हणजे शिपायाच्या साऱ्या नोकरीचा कागद. कुठं भरती झाला, कुठं लढला, कुठं जखमी झाला, काय मिळवलं, सगळं त्यात लिहिलेलं. भरमूच्या शीटरोलमध्ये पदकांच्या जागी नुसती आडवी रेघ होती. त्याला वाचता येत नव्हतं. आपण जिवंत आलो, डावा पाय थोडा आखूड झाला तरी नांगरामागं चालता येतंय, यातच तो खूश होता. तो कागद ट्रंकेच्या तळाशी गेला आणि वीसेक वर्षं तिथंच राहिला.

ही हकीकत मला माझ्या आत्यानं सांगितली. विनोदिनीआत्या बेळगावात मुलींच्या शाळेत शिकवायची, आणि भरमूची बायको यशोदाबाई तिच्याकडे दुधाचा रतीब घालायची. त्यामुळं यातलं बरंचसं आत्याच्या डोळ्यांसमोर घडलं, आणि राहिलेलं यशोदाबाईनं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून तिला सांगितलं.

सुरुवात झाली ती कँपातल्या मेळाव्यापासून. मराठा पलटणीतल्या जुन्या शिपायांना एका हिवाळ्यात बेळगावच्या कँपात बोलावलं होतं. गावोगावचे म्हातारे-अर्धम्हातारे गडी धुतलेले पटके बांधून, छातीवर पदकं लावून आले. बायकामुलं मैदानाच्या कडेला बसली होती. भरमू शेवटच्या रांगेत उभा होता आणि त्याच्या सदऱ्यावर काहीच नव्हतं. शेजारच्या एकानं सहज विचारलं, तू भटारखान्यात होतास काय रं? दोघंतिघं हसले. भरमूही हसला. पण कडेला बसलेल्या यशोदाबाईनं ते ऐकलं आणि तिची मान खाली गेली.

पुढच्या रांगेतून एक उंच गृहस्थ मागं वळले. काकतीचे मारुतीराव. लढाईत ते भरमूच्या कंपनीचे हवालदार होते, पुढं सुभेदार होऊन घरी बसले होते. ते भरमूजवळ आले, त्याच्या छातीकडं बघितलं आणि म्हणाले, "भरमू, तुझं बहादुरीचं पदक कुठं हाय?"

भरमूला काही कळेना. मारुतीरावांनी तिथंच उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. बसऱ्याच्या वर, तैग्रिस नदीच्या काठी लढाई झाली होती. झाड नाही, बांध नाही, गुडघाभर चिखल. माघार घेताना एक जखमी गडी उघड्यावर राहिला होता आणि समोरून गोळ्या येत होत्या. भरमू परत गेला, त्याला पाठीवर टाकून घेऊन आला, आणि येताना स्वतःच्या पायात गोळी घेऊन आला. पुढं भरमूला जहाजानं मुंबईच्या इस्पितळात पाठवलं, आणि तो गेल्यावर पदक जाहीर झालं. परेडवर नाव वाचलेलं मारुतीरावांनी स्वतः ऐकलं होतं.

हसणारे मागं सरले. यशोदाबाईला मात्र दुसऱ्याच गोष्टीचा धक्का बसला होता. इतकी वर्षं संसार केला, पण पाय कसा गेला असं विचारलं की नवरा फक्त "गोळी लागली" म्हणायचा. घरी जाताना तिनं विचारलं, हे मला का नाही सांगितलंत? भरमू म्हणाला, "ज्याला आनलं त्यो वाचला न्हाय गं. मग काय सांगायचं?"

तो गडीही भरमूच होता. सदलग्याचा. दोघांच्या बापांचं नावसुद्धा एकच, शामू, त्यामुळं पलटणीत या दोघांना थोरला भरमू आणि धाकटा भरमू म्हणत. दोघांची चूल एक, तंबू एक. धाकट्याचं लग्न नुकतंच झालेलं, बायको दोन जिवांची, असं तो सारखं बोलत असे. लढाईनंतर थोरला भरमू लंगडत सदलग्याला गेला होता. पण ते इन्फ्ल्यूएंझाच्या साथीचं साल होतं. घराला कुलूप होतं, आणि शेजाऱ्यांनी म्हातारा-म्हातारी साथीत गेल्याचं सांगितलं. सुनेचं कुणालाच नीट माहीत नव्हतं. ते घर संपलं असं समजून तो परत आला, आणि त्यानंतर त्यानं लढाईचं नाव काढणंच सोडलं.

दुसऱ्या दिवशी दूध घालताना यशोदाबाईनं शीटरोल आत्यापुढं ठेवला. आत्यानं वाचून दाखवला. पदकांच्या जागी रेघ आहे हे यशोदाबाईला तेव्हा कळलं. भरमू म्हणत होता, जाऊ दे. यशोदाबाई म्हणाली, "तुमास्नी नको आसंल. मला पायजे. घरावरनं जाता-येता लोकांनी भटारखान्याचा गडी म्हनावं, हे मला सोसायचं न्हाय."

मग आत्यानं इंग्रजीत अर्ज लिहिला, मारुतीरावांनी आपली साक्ष जोडली, आणि लष्कराच्या दप्तराकडं तो रवाना झाला. उत्तर यायला बराच काळ गेला. आलं ते असं, की या नावाची पदकं केव्हाच घरपोच झालेली आहेत. आत्यानं पुन्हा लिहिलं. दुसऱ्या उत्तरात उलगडा झाला. एका कंपनीत एकाच नावाचे, एकाच बापाच्या नावाचे दोन शिपाई. बहादुरीच्या कागदात लिहिलं होतं की भरमूनं भरमूला आणलं. लढाईच्या धामधुमीत कुणाच्या तरी हातून दोघांच्या नोंदी एक झाल्या होत्या, आणि पदकं सारी सदलग्याला, धाकट्या भरमूची विधवा मालूबाई हिच्याकडं गेली होती. नोंद दुरुस्त करायची तर तिचा जबाब लागेल.

आत्यानं हे वाचून दाखवलं तेव्हा भरमू ओसरीवर बसला होता. त्यानं एवढंच विचारलं, "मालूबाई? म्हंजे ती हाय?" आत्या हो म्हणाली. तो उठून अंगणात गेला.

दोघं नवरा-बायको सर्व्हिस मोटारीनं निपाणीला गेली आणि तिथून बैलगाडीनं सदलग्याला. जाताना दोघांत थोडा वाद झाला. भरमू म्हणत होता, मी पदक मागणार नाही, त्या बाईच्या घरातली वस्तू कशी काढून आणू? यशोदाबाई म्हणत होती, मागायचं नसेल तर मी मागते.

घर त्यांना सापडलं. पडवीत तंबाखूचा पाला वाळत टांगला होता, त्याचा उग्र वास रस्त्यापर्यंत येत होता. मालूबाई रानातून नुकतीच आली होती. सडपातळ, पोक्त, बोलायला मऊ. बाळंतपणाला ती माहेरी गेली होती, तेवढ्यात नवरा गेल्याची खबर आली, मग साथ आली. ती थांबल्यावर पोराला घेऊन ती परत आली आणि सासऱ्याची शेती तिनं एकटीनं राखली. आता मुलगा शामू मोठा झाला होता. तो पाहुण्यांना पाणी देऊन दाराशी उभा राहिला.

आपण पलटणीतले, तुमच्या मालकाचे सोबती, असं भरमूनं सांगितल्यावर मालूबाईनं पदर सावरला आणि आतून एक फडक्याची पुरचुंडी आणली. तिला पदकं दोनदा आली होती. पहिल्या वेळी आलेली तिच्या नवऱ्याची. मग काही महिन्यांनी पुन्हा तशीच आली. ही आपली नव्हेत, कुणा दुसऱ्याची चुकून आली असावीत, असं तिला वाटलं. ती टपालात परत द्यायला गेली, पण तिथं नाव-गाव हेच आहे म्हणून घेतली नाहीत. म्हणून तिनं ती वेगळी बांधून ठेवली होती. कुणी विचारत आलं तर द्यायची म्हणून.

"ही तुमची हाईत का बघा," ती म्हणाली.

पण दुसऱ्या खेपेला आलेलं एक पदक त्या पुरचुंडीत नव्हतं. तसं पदक पहिल्या खेपेला आलं नव्हतं, म्हणून ते नवऱ्याचंच समजून तिनं भिंतीवर, देव्हाऱ्याच्या शेजारी, खिळ्याला टांगलं होतं. त्याच्याबरोबरचा कागद शाळेच्या मास्तरांनी तिला वाचून दाखवला होता: गोळ्यांच्या माऱ्यात जखमी सोबत्याला उचलून आणल्याबद्दल. तिच्या नवऱ्याचा फोटो कधी निघालाच नव्हता. शामूला बाप दाखवायचा म्हटलं की ती ते पदक दाखवायची.

यशोदाबाईनं भिंतीकडं बघितलं. मागायचं म्हणून घरून निघालेली बाई, ती हळूच नवऱ्याला म्हणाली, "चला, उशीर हुतोय."

भरमू उठलाही असता. पण मालूबाईनं त्याला थांबवलं आणि विचारलं, "अण्णा, ह्यांनी ज्याला उचलून आनलं, त्यो गडी तरी वाचला का?"

भरमू नंतर सांगायचा की त्या चिखलात परत जाताना तो जेवढा भ्याला नव्हता तेवढा त्या वेळी भ्याला. व्हय वाचला, एवढं म्हणून निघून जाता आलं असतं. पण ही बाई वीस वर्षं नवऱ्याच्या मरणाची एक तरी खरी गोष्ट ऐकायला थांबली होती, आणि ती सांगणारा जगात तो एकटाच होता. तो परत खाली बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. पडला तो धाकटा. आणला तो आपण. जखमींच्या तंबूत आणल्यावर तो शुद्धीवर होता, पाणी प्याला, घराचं बोलला, पोरगं झालं असेल का म्हणून विचारलं. पहाटे गेला. त्या मुलखात लाकूड मिळत नव्हतं. कंपनीतल्या गड्यांनी दारूगोळ्याच्या मोडक्या खोक्यांच्या फळ्या गोळा केल्या, आणि नदीच्या काठी भरमूनं बसल्या बसल्याच त्याला अग्नी दिला, कारण पायावर उभं राहता येत नव्हतं.

शामू दारातून निघून गेला. त्याच्या पायांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू आला.

मालूबाई खूप वेळ रडली. यशोदाबाई तिच्याजवळ जाऊन बसली. मग मालूबाईनं डोळे पुसले आणि म्हणाली, "मला वाटायचं, उघड्यावर पडून ऱ्हायलं आसतील. कुनी अग्नी दिला नसंल. गिधाडं डोळ्यांम्होरं यायची, अण्णा. कुनाला सांगनार? तुमी त्यास्नी आनलंसा, पानी पाजलंसा, अग्नी दिलासा. ह्याच्या म्होरं पदकाचं काय घेऊन बसलाय."

तिनं उठून खिळ्यावरचं पदक काढलं आणि भरमूच्या हातावर ठेवलं. भरमू घेईना. वैनी, राहू दे, पोराला सवय आहे बघायची, असं तो म्हणाला. तिनं त्याची मूठ स्वतः मिटली. "मला वैनी म्हनू नगा," ती म्हणाली. "मला भाऊ न्हाय. आजपासनं तुमी."

शामूला मात्र हे सोपं गेलं नाही. लहानपणापासून ज्या गोष्टीच्या जोरावर तो ताठ चालला होता, ती दुसऱ्याची निघाली होती. पाहुणे निघाले तरी तो आला नाही. जबाब द्यायला मालूबाई बेळगावला आली तेव्हा एका नातेवाइकाबरोबर येणार होती, पण मोटारीतून उतरला तो शामू. आत्याच्या घरी मालूबाईनं अंगठा दिला. शामू चार यत्ता शिकला होता, त्यानं साक्षीदार म्हणून आपली सही केली. मग भरमूकडं न बघता विचारलं, बाबांना तुम्ही किती लांबवरनं आणलंत? भरमू म्हणाला, कुणास ठाऊक, पर वाटेत त्यो मला म्हनत हुता, मला ठेव आनि तू पळ. लई येळा म्हनला.

शामूनं तेव्हा मान वर केली. आत्या म्हणायची, त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मी बघितलं.

नोंद दुरुस्त होऊन शीटरोल परत आला. रेघ खोडून तिथं सारी पदकं लिहिली होती आणि बाजूला शिक्का होता. कँपात एका सकाळी साहेबानं भरमूच्या छातीवर पदकं लावली. मारुतीराव काकतीहून आले होते, मालूबाई आणि शामू सदलग्याहून. शिपाई रांगेत उभे होते. साहेबानं काही बोलायला सांगितलं तेव्हा भरमू गडबडला. त्यानं मारुतीरावांचं नाव घेतलं, आत्याचं घेतलं, बायकोकडं बोट दाखवलं, आणि म्हणाला, "ह्या मानसांनी मला हे दिलं. आनि सदलग्याच्या माझ्या भनीनं." एवढं बोलून तो रांगेत परत गेला.

यशोदाबाईनं त्या दिवशी आत्याच्या घरी दुधाबरोबर खरवस आणला. पैसे घेतले नाहीत, आणि पुढं एक महिनाभर दुधाचे पैसे घ्यायलाही तयार होईना. शेवटी आत्याला रागावावं लागलं.

दर भाऊबीजेला भरमू सदलग्याला जाऊ लागला. पाय दुखत असला तरी जायचाच. परत येताना मालूबाई त्याला गूळ आणि हरभऱ्याची डाळ बांधून द्यायची. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा पिरनवाडीची पोरं भरती व्हायच्या आधी त्याच्याकडं येऊन बसायची, आणि तो त्यांना शौर्याचं काही सांगायचा नाही. सोबत्याचं गाव, बापाचं नाव, घरात कोण आहे, सगळं एकमेकांना पाठ करून ठेवा, एवढंच सांगायचा.

शामूचं लग्न सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात झालं. त्या आधी दोनदा ठरून मोडलं होतं, त्यामुळं मालूबाईच्या जिवाला घोर होता. अक्षतांच्या वेळी भटजींनी मुलाच्या मामाला पुढं बोलावलं. भरमू गर्दीत मागं उभा होता. मालूबाईनं त्याच्याकडं बघितलं, आणि तो लंगडत पुढं येऊन नवऱ्यामुलाच्या पाठीशी उभा राहिला. शामूनं मागं हात करून त्याचा हात आपल्या खांद्यावर ठेवून घेतला, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तो तिथंच होता.