आप्पांचा टेस्टर आणि पाइपचा दिवा

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचते. चकवा, पांढरी साडी, उलटे पाय… जेवणं झाली की नवऱ्याला वाचून दाखवायचं आणि दोघांनी मिळून त्यातल्या चुका काढायच्या, हा आमचा ठरलेला कार्यक्रम. माझी नोकरी शिरोली एमआयडीसीत, एका फाउंड्रीच्या क्वालिटी विभागात. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, हातात घ्यायचं, मापाचा गेज लावायचा, बसला तर पास, नाही तर रिजेक्ट. मधलं काही नसतं. त्यामुळे हे लिहायला बसताना मलाच थोडं ओशाळल्यासारखं होतंय. माझ्या अनुभवात अमावस्या नाही, सुनसान रस्ता नाही, रात्रसुद्धा नाही. खंडेनवमीच्या सकाळी, फुलेवाडीतल्या आमच्या माहेरच्या दोन खोल्यांत, चुलीशेजारच्या गॅसवर पुरण शिजत असताना घडलेली ही गोष्ट आहे.

आप्पा, म्हणजे माझे वडील, एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. लाइट गेली आप्पा, पाइप गळला आप्पा, मोटर जळली तरी आप्पाच. घरीही तेच. ते गेल्यावर आई एकटी राहिली. माझ्याकडे राजारामपुरीत ये म्हटलं तर यायची नाही. तेही एक वेळ चाललं असतं, पण संध्याकाळी तिच्याकडे जावं तर घरात अंधार. ट्यूब लावलेली नसायची. आई खाटेवर गप्प बसलेली.

“लाइट तरी लाव की गं,” मी म्हणायचे.

“एकटीला कशाला लाइट? मला काय माझंच तोंड बघायचं हाय व्हय?”

आईचा हात वाकळ, म्हणजे गोधडी, शिवण्यात एकदम तरबेज. जुन्या लुगड्यांची तिची वाकळ मागायला आख्खी गल्ली यायची. आप्पांच्या आजारपणात एक वाकळ अर्धी राहिली, ती तशीच ट्रंकेवर पडून होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, नजर चांगली, पण सुईला हात नाही. “ट्यूबचा उजेड डोळ्यांत खुपतोय,” एवढंच कारण. मला मात्र भीती वाटायची की ही अशीच बसून बसून एक दिवस विझून जाईल. त्या भीतीपायी मी काय काय केलं… टीव्ही आणला, भजनी मंडळात नाव घातलं, काही म्हणजे काही चाललं नाही.

मग एकदा मोबाइलवर पाइपचा लॅम्प दिसला. नळाचे लोखंडी पाइप, वळणाचे एल्बो, तीन तोंडांचे टी जोडून केलेला टेबल लॅम्प, टोकाला पिवळा बल्ब. ‘इंडस्ट्रियल लूक’ म्हणे. मला हसू आलं, कारण हा लूक आमच्या माळ्यावर पोत्यात बांधून ठेवलेला होता. बाथरूमची जुनी लोखंडी लाइन काढली तेव्हा आप्पांनी एकेक तुकडा जपून ठेवला होता. फेकणं हा शब्दच त्यांच्या डिक्शनरीत नव्हता.

मी पोतं खाली काढलं तेव्हा आई पहिल्यांदा उठून जवळ आली. “काय करणार ह्याचं?”

“दिवा.”

“नळाचा दिवा? त्यातनं उजेड येणार का पाणी?”

पण आप्पांची हत्यारांची पेटी तिनं स्वतःच काढून दिली. ते गेल्यापासून ती पेटी उघडली नव्हती. आदल्या दसऱ्याला हत्यारं पूजूया म्हटलं तर, “ज्याची हत्यारं त्यानं पुजायची,” म्हणून तिनं विषय बंद केला होता. आता मात्र माझ्यासमोर बसून हे दे, ते घे, असं चाललं होतं.

लॅम्प करायला मजा आली, खोटं कशाला बोलू. तारेच्या ब्रशनं गंज काढला, हॅक्सॉनं पाइप मापात कापले. आप्पांच्या डायनं आटे पाडताना दंड भरून आले. तळाला गोल फ्लँज, म्हणजे बैठकीची लोखंडी चकती, वर उभा पाइप, मग एल्बो, मग आडवा तुकडा आणि त्याला होल्डर. मधल्या टीला शोभेपुरता लाल चाकाचा जुना व्हॉल्व्ह. आतून वायर ओढली आणि साधी टू-पिन लावली. टेबल लॅम्पला कुठं अर्थिंग असतं, असा मी विचार केला. तो प्लॅस्टिकचा असतो आणि माझा नखशिखांत लोखंडाचा आहे, हे काही डोक्यात आलं नाही. आप्पांचं एक पेटंट वाक्य होतं, “पाइप कापला की आधी बर काढायची, मग च्या प्यायचा.” बर म्हणजे कापलेल्या कडेला आतून राहते ती धारदार कोर. मी बाहेरून कानस मारली. आतून मारायची राहिली, आणि चहा मात्र प्याले.

लॅम्प लागला. पिवळा, ऊबदार उजेड पडला. आईनं चाक फिरवून बघितलं, उजेड कमी होत नाही म्हटल्यावर नाक मुरडलं, पण चेहऱ्यावर हसू होतं. “औंदा खंडेनवमीला मांडूया की हत्यारं. ह्यालाबी मांडूया,” तीच म्हणाली. त्या एका वाक्यासाठी मी दहा लॅम्प केले असते.

आता नीट सांगते, कारण पुढचं सगळं या मांडणीवर अवलंबून आहे.

सकाळी आईनं सोप्यातली, म्हणजे बाहेरच्या खोलीतली, फरशी धुऊन घेतली. ओल्या फरशीवर लाकडी पाट, पाटावर नवं कापड. त्यावर आप्पांचा पाइप पाना, पक्कड, हातोडी, हॅक्सॉ, आणि अगदी मध्ये लॅम्प. शेवटी पेटीच्या तळातून तिनं त्यांचा जुना टेस्टर काढला, पिवळ्या पारदर्शक मुठीचा, खिशाला अडकवायची क्लिप असलेला. आप्पा लग्नातही तो खिशाला लावून जायचे, त्यावरून आईची आणि त्यांची ठरलेली वादावादी व्हायची. पुढे त्यांनी नवा टेस्टर घेतला आणि हा मागे पडला. आई त्यानं तुपाच्या डब्याचं झाकण उचकटायची. तो तिनं पाटावर असा ठेवला की त्याचं टोक लॅम्पच्या फ्लँजला टेकलं.

“लाव की दिवा. पुजेला उजेड असूदे,” आई म्हणाली.

उजेड पाटावर पडेना, म्हणून मी एल्बो हातानं थोडा पिळून बल्ब खाली वळवला. पायात स्लिपर होती, बटण बंद होतं. मग बोर्डापाशी जाऊन बटण दाबलं. बल्ब लागला. आई अनवाणी, ओल्या फरशीवर मांडी घालून बसली. निरांजन अजून लावलेलं नव्हतं, ते पाणी शिंपडून, गंध लावून झाल्यावर लावायचं. तिनं तांब्यात झेंडूचं फूल बुडवलं. आमच्याकडे नुसतं शिंपडून भागत नाही, हत्यार ओल्या हातानं पुसून घ्यायचं आणि मग त्यावर हळदकुंकू. तिचा हात लॅम्पकडे निघाला आणि मध्येच थांबला.

“वैशू,” ती अगदी हळू म्हणाली, “ह्यांचा टेस्टर पेटलाय बघ.”

मी बघितलं. पिवळ्या मुठीच्या आत लालसर ठिपका होता. लहान, पण स्वच्छ. टेस्टर लाइनला लावला की दिसतो तसा.

विचार करायला वेळ लागलाच नाही, लहानपणापासूनची सवय होती ती. टेस्टर पेटला म्हणजे लोखंडात करंट. मी बटण बंद केलं, पिन ओढून काढली आणि आईचा हात धरला. तिचा हात ओला आणि गार होता. बल्बबरोबर तो ठिपकाही गेला.

आईला लांब बसवून मी स्वयंपाकघरातल्या खणातून लॅम्प करताना घेतलेला माझा नवा टेस्टर आणला, पिन परत लावली, बटण दाबलं आणि स्लिपर घालून लॅम्पच्या पाइपला तो टेकवला. भक्कन पेटला. पाइपभर करंट होता. घरातलं वायरिंग जुनं, शॉक लागला तर लाइन तोडणारं यंत्र बसवलेलं नाही. ओली फरशी, अनवाणी पाय, ओला हात… पुढचं लिहायची गरज नाही. मी पिन पुन्हा ओढून काढली आणि तिथंच फरशीवर बसले. आईनंच मला पाणी दिलं.

लॅम्प लगेच खोलायचा होता, पण आई ऐकेना. “पुजेत मांडलेलं आज उचलायचं न्हाय. उद्या सोनं लुटून झालं की काय ती चिरफाड कर.” तिनं पिन काढलेल्या लॅम्पला आणि हत्यारांना हळदकुंकू वाहिलं, सगळ्यात शेवटी टेस्टरला.

दुपारी नवरा जेवायला आला. त्याला सांगितलं तर तो पुरणपोळी मोडत म्हणाला, “अगं, सिंपल आहे. करंट होता म्हणून टेस्टर पेटला.”

“टेस्टर पेटायला मागच्या टोपीवर बोट ठेवावं लागतं. त्याला कुणाचाच हात लागलेला नव्हता.”

“मग कापड ओलं असेल. जिलेटिनच्या कागदाचं प्रतिबिंब असेल. ऊन असेल.”

सोप्यात ऊन दुपारनंतर येतं आणि जिलेटिनचा कागद घरात नव्हता. पण ओल्या कापडाचं मला पटलं. थोडा करंट त्यातून गेला असेल, म्हणून मिणमिणला असेल. गेज बसला, पास. मी खूश झाले.

दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पानं देऊन-घेऊन झाली आणि मी पाट उचलला. आधी लॅम्प खोलला. एल्बोच्या आत, मी न काढलेल्या बरीनं वायरचं कव्हर चिरलं होतं, तांबं उघडं पडून पाइपला टेकलं होतं. आठवडाभर काही झालं नव्हतं, कारण ते चिरलं खंडेनवमीच्या सकाळी, मी एल्बो पिळला तेव्हा. हे सगळं हिशेबात बसलं.

मग सहज, नुसतं सहज, आप्पांचा टेस्टर हातात घेतला आणि लाइनला लावून बघितला. पेटेना. टोपीवर बोट दाबून धरलं तरी नाही. म्हटलं आतली स्प्रिंग सटकली असेल, म्हणून टोपी फिरवून काढली आणि टेस्टर तळहातावर उपडा केला.

स्प्रिंग पडली. तिच्यामागून काडेपेटीची अर्धी काडी पडली. बस.

आत पेटणारा बारका बल्ब नव्हताच. बहुतेक आप्पांनी तो कधीतरी काढून दुसऱ्या टेस्टरला घातला असणार, आणि मूठ खुळखुळू नये म्हणून जागेवर काडी कोंबली असणार… त्यांचीच कामाची पद्धत ती. म्हणजे कित्येक वर्षं तो नुसता स्क्रू ड्रायव्हर होता. कापड ओलं असो नाही तर कोरडं, जे नाहीच ते पेटणार कसं?

मी काडी आईला दाखवली. तिनं पदरानं डोळे पुसले. “मला म्हाईत हुतं,” म्हणाली.

“बल्ब नाही हे?”

“न्हाय गं. ते लक्ष ठेवून हायत हे.”

नवऱ्याला सांगितलं, तर त्यानं टेस्टर तीनदा खोलून बघितला आणि काडी परत आत घालून टोपी लावली. त्या दिवसापासून आमचं या सदराची खिल्ली उडवणं बंद आहे. मला आजही स्पष्टीकरण सापडलेलं नाही. दोघींनाही एकदम भास झाला म्हणावं, तर भासाला लॅम्पमधला करंट कसा कळला? आणि आधी बघितलं तेही आईनं, जिचा हात पुढे होता तिनंच. तुमच्यापैकी कुणाला उत्तर सापडलं तर जरूर लिहा, मी वाचेन. पण ते पटलं तरी माझं ऋण काही फिटणार नाही. मला नवस-सायास करायची सवय नाही. त्या संध्याकाळी मात्र मी त्या रिकाम्या पाटासमोर डोकं टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही. माझी आई आज आहे, एवढंच मला कळतं.

लॅम्प मी पुन्हा केला. बर आतून-बाहेरून काढली, तीन तारांची वायर घातली, अर्थिंग दिलं, घराला ते लाइन तोडणारं यंत्रही बसवून घेतलं. ती अर्धी राहिलेली वाकळ आईनं त्याच उजेडात पुरी केली आणि आता दुसरी टाकली आहे. संध्याकाळी मी गल्लीत वळले की खिडकीत पिवळा उजेड दिसतो, आणि मला दर वेळी भरून येतं.

टेस्टरमध्ये नवा बल्ब घालून देते म्हटलं, तर आईनं घालू दिला नाही. “काडी हाय तशी ऱ्हाऊ दे,” म्हणाली. तो आता लॅम्पच्या फ्लँजला टेकूनच असतो. गेल्या खंडेनवमीला आईनं फूल तांब्यात बुडवलं आणि हात पुढे न्यायच्या आधी त्या पिवळ्या मुठीकडे नीट वाकून बघितलं. काही पेटलेलं नव्हतं.

“ते व्हय म्हणत्यात,” ती म्हणाली, आणि मग ओल्या हातानं दिवा पुसायला घेतला.