अंगुस्तानाची खूण

दिवाळीच्या आधी आमच्या माधवनगरात नानकटाई घरी मळतात आणि बेकरीच्या भट्टीत भाजून आणतात. घरी ओव्हन आहे, पण त्यात एका वेळी बारा बसतात. बेकरीवाला सकाळी रिकामे पत्रे देतो. त्यावर गोळे मांडायचे, दुपारी नेऊन द्यायचे, संध्याकाळी डबे घेऊन जायचं. नावाची चिठ्ठी भट्टीत टिकत नाही, म्हणून प्रत्येक घर गोळ्यांवर आपली खूण करतं. कुणी काट्याच्या रेघा ओढतं, कुणी लवंग टोचतं. आमची खूण अंगुस्तानाची. आई ब्लाउज शिवायची, तेव्हा सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची ती पितळी टोपी. ती दाबली की गोल उमटतो आणि त्यात बारीक ठिपके.

दोन वर्षांपूर्वी गणपतीनंतर आमच्या घरात दोन चुली झाल्या. कारण सांगण्यासारखं मोठं नव्हतं. सकाळी गॅसवर आधी कुणाचा डबा, इथून सुरू झालं आणि दोन्ही जावांना एकमेकींचं बोलणं लागलं. धाकटा भाऊ आणि त्याची बायको खालच्या मजल्यावर गेले. आई आमच्याकडे वर राहिली. पाण्याची मोटर आणि लाइटबिल यापलीकडे वर-खाली बोलणं नव्हतं. आई भांडणात पडली नाही. मला एकदाच म्हणाली, "दिवाळीचं तरी एका ताटात खाशीला का रं दोघं?" मी म्हणालो, बघू. खरं तर मला बघण्यासारखं काही दिसत नव्हतं.

त्या दिवाळीला आमच्याकडे दोन किलो मैदा मळला. बायकोने गोळे केले, आईने खुणा दाबल्या. चार पत्रे मी बेकरीत पोचवले. संध्याकाळी दोन डबे घेऊन गेलो तर दोन्ही गच्च भरले, तरी ढीग उरलाच. बेकरीवाल्याने वर दोन खोकी दिली.

"जास्त वाटतायत," मी म्हणालो.

"आठ पत्रे होते. सगळ्यांवर तुमचीच टोपी हाय. मला खूण कळत न्हाई व्हय?"

मागे रांग होती. तो माझ्याशी बोलता बोलता पुढच्याचे डबे भरायला लागला. मी आठ पत्र्यांचे पैसे दिले आणि घरी आलो. खोकी टेबलावर ठेवून बायकोला म्हटलं, "चार पत्रे कुणाचे तरी जास्त आलेत. उद्या परत देऊन येतो."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. भावजय दारात उभी होती, हातात रिकामा डबा. दोन महिन्यांत ती पहिल्यांदा वर आली होती.

"ताई, आमची नानकटाई तुमच्याकडं आलीया का? हे बेकरीत जाऊन आले. तो म्हणतो, तुमच्या घरला गेली."

"तुझी कशी येईल? आमच्यावर आमची खूण आहे."

"आमच्यावर पण आहे. टोपीची."

"टोपी तर वर आहे."

दोघींनी आईकडे बघितलं. आई पलंगावर बसून वाती वळत होती. दुपारी ती खाली उन्हात बसायला म्हणून गेली होती, ती कशाला गेली होती ते आता कळलं. भावजयीला वाटलं होतं, वरच्यांनी या वर्षी दुसरी खूण केली असेल. आमच्या घरी कुणी काही विचारलंच नव्हतं.

"आई, तुम्ही दोन्हीकडं तीच खूण केली?" बायको म्हणाली.

"मग? माज्याकडं येकच हाय," आई म्हणाली आणि पुढची वात वळायला घेतली.

आता वेगळं कसं करायचं? बायको म्हणाली, "माझ्यात जायफळ जास्त आहे, चवीवर कळेल." भावजय म्हणाली, "माझ्यात थोडं बेसन आहे, ती खुसखुशीत लागेल." दोघी टेबलाशी बसल्या. एकेक तोडून थोडी हिने चाखायची, थोडी तिने, उरलेली समोरच्या ताटात.

"ही माझी."

"ह्यॅ! ही माझी. जायफळ लागतंय ह्यात."

"तुमची जीभ भाजलीया, ताई."

"आणि तुझी गोडाला सोकावलीय."

दोघींना नानकटाई आईनेच शिकवली होती. जायफळ किती आणि बेसन किती, हे दोघींच्याही हातात आईचंच होतं. सातव्या-आठव्या तुकड्याला बायकोने आमची म्हणून जी बाजूला काढली, तीच मघाशी भावजयीने तिची म्हणून काढली होती. भावजय आधी हसली. मग बायकोही.

मी वजनकाटा आणला. दोन्हीकडे मैदा सारखाच होता, म्हणून निम्मं-निम्मं करणं मला रास्त वाटलं. पहिला डबा काट्यावर ठेवला तोवर भाऊ बायकोला शोधत वर आला.

"मिळाली का?"

"मिळाली, पण कुठली ते कळंना," भावजय म्हणाली. "बसा. तुमी सांगा बघून."

तो बसला, त्याने एक खाल्ली आणि म्हणाला, "ही आईची."

बायकोने चहा टाकला. ताट एकच होतं, कारण तुकडे सगळे त्यातच पडले होते. मी काटा बाजूला ठेवला आणि त्या ताटातली एक उचलली. आई वाती सोडून आमच्याकडे बघत होती. दिवाळीला अजून तीन-चार दिवस होते, पण तिचं मागणं त्या संध्याकाळीच पुरं झालं.

चुली अजून दोनच आहेत. गॅसवरच्या डब्यावरून झालेलं बोलणं दोघीही विसरलेल्या नाहीत, अधूनमधून ते निघतं. पण फराळाच्या दिवशी एकदा आम्ही खाली जातो आणि एकदा ते वर येतात. गेल्या दिवाळीला बायको भावजयीला म्हणाली, "तू या वर्षी दुसरी खूण कर बाई, परत घोळ नको." भावजय म्हणाली, "तुमी करा की." दोघींनीही केली नाही. आईची बोटं आता आखडतात, तरी आठही पत्र्यांवरच्या खुणा तिनेच दाबल्या.

संध्याकाळी भाऊ आणि मी बरोबरच बेकरीत गेलो. बेकरीवाल्याने विचारलं, "चार-चार वेगळे भरू का?"

भाऊ म्हणाला, "कशाला? आठ हायत का तेवढं बघा."