दवाखान्याबाहेरचा बाक

दाराशी जाऊन, कडीला हात लावून, निव्वळ लोकांच्या भीतीनं तुम्ही कधी परत फिरलाय का?

मुतिंता तीनदा फिरली. गाव सोडून लुसाका शहरातल्या विद्यापीठात येऊन तिला महिनाच झाला होता. चारशे पोरांच्या वर्गात बसलं की तिचा श्वास अडकायचा, हातांना कापरं भरायचं. पहिल्या चाचणीत ती कोरा पेपर टाकून पळाली. शुक्रवारी दुसरी होती. तीही हुकली तर नाव कटणार, आणि गावानं कोंबडी कापून, गाणी म्हणून पाठवलेली पोर खाली मान घालून परतणार.

मनाचं दुखणं ऐकणारी बाई दवाखान्यात बसायची. पण दार एकच. एचआयव्हीच्या तपासणीलाही तेच दार, आणि बाहेरचा बाक ऐन जेवणघराच्या वाटेवर. ज्यानं हे बांधलं त्याला आयुष्यात कधी भीती वाटली नसावी!

"त्या बाकावर बसलीस ना," तिच्याच खोलीत राहणारी नामाकाऊ म्हणाली, "की तुला एचआयव्ही झाल्याचं संध्याकाळच्या आत हॉस्टेलभर होईल. मग तुझ्याबरोबर एका ताटात मक्याचा न्शिमा कोण खाईल, बाई?"

"तू?"

नामाकाऊ हसून ताटं धुवायला निघून गेली.

गुरुवारी मुतिंता बसली. धीर आला म्हणून नव्हे, दुसऱ्या दिवशी चाचणी होती म्हणून. वर्गातली पोरं जेवायला निघाली होती. एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. ती उठलीच.

"बस खाली!" फरशी पुसणारी बाई ओरडली; तिला सगळे लुयांडोची आई म्हणत. बादली आपटून ती शेजारी टेकली आणि पोरांवर उखडली, "बघताय काय रे? अकरा वर्षं एचआयव्हीच्या गोळ्या खातेय मी, आणि तुमचे तीन मजले पुसतेय. तुम्ही एक जिना चढलात की धापा टाकता!"

पोरं पांगली. आतून मुतिंताच्या नावानं हाक आली.

"जा पोरी. मी हलत नाही इथनं."

आतल्या बाईनं श्वास सावकाश सोडायला शिकवलं, शुक्रवारच्या चाचणीला दाराजवळची जागा मिळवून दिली. भीती गेली नाही. पेपरावर घामाचे डाग पडले, पण पेपर लिहून झाला.

संध्याकाळी न्शिमाचं ताट मध्ये आलं. नामाकाऊचा हात कितीतरी वेळ मांडीवरच. मुतिंतानं श्वास सावकाश सोडला. मग नामाकाऊनं त्याच ताटातून घास मोडला.

तुमच्याकडेही असा बाक असेलच. तिथं कुणी एकटं दिसलं तर कोपरानं ढोसू नका. दोन मिनिटं शेजारी बसा.