कवळी पोरांच्या हातात, मावशी खुर्चीत

मंडळी, डोकं अजून शांत नाही म्हणून लिहून राहिलो.

आज मी मोझरीले चाललो होतो, पण अकोटच्या मावशीनं धरलं. ती बाजारात भाजी विकते. जुनी कवळी सैल झाली, गिऱ्हाइकाले हाक मारताना सटकते, म्हणून तिले नवी पाहिजे होती. तिले घेऊन अमरावतीच्या दातांच्या कॉलेजात गेलो. (स्टँडवरची कचोरीही शिळी निघाली, पण ते जाऊ द्या.)

तिथं शिकवणाऱ्या डॉक्टर सरांनी मावशीची कवळी काढायला लावली अन् शिकाऊ पोरांकडे दिली. "हिरडीवर कवळी कशी टिकते, ते नीट पाहा." कवळी हातोहात फिरली. एका पोरानं ती धरूनच खिशातून मोबाईल काढला अन् फोटो घेतला. मले किळस आली.

मावशी पदरानं तोंड झाकून बसली. बोळक्या तोंडानं ती घरच्यांसमोरही बसत नाही. अन् सर तिलेच विचारतात, "आजी, जेवताना कुठं टोचते? बोला ना, लाजता काहून?"

बोलणार कशी? दात तर तुमच्यापाशी.

मी म्हटलं, "सर, आधी कवळी द्या."

"थांब जरा, पोरं शिकून राहिली."

शेवटी कवळी परत आली. मावशीनं ती नळाखाली घासघासून धुतली, घातली अन् म्हणाली, "चाल रे बाप्पा. यायच्या हातची नवी कवळी मी तोंडात घालत नाई."

आता बाजारात तिची हाक तशीच सटकत राहणार. आधी दात परत देऊन मग प्रश्न विचारणारा कोणी डॉक्टर अकोल्याकडं तुमच्या ओळखीत आहे काय?